तीन वाजता बघा!

समुद्राला रविवार कळत नाही. मुंबईतल्या पक्षी बघणाऱ्या मंडळींना मात्र फक्त रविवारच कळतो, आणि या दोघांची गाठ घालता घालता दर हिवाळ्यात एका व्हॉट्सॲप ग्रुपचे प्राण कंठाशी येतात. किनाऱ्यावरचे पक्षी घड्याळावर चालत नाहीत, भरती-ओहोटीवर चालतात. पाणी चढलं की वाळूवर गोळा होऊन डुलक्या काढायच्या. पाणी उतरू लागलं की उघड्या पडलेल्या चिखलात चोची खुपसत त्याच्यामागं सरकत जायचं, हा त्यांचा दिनक्रम. म्हणजे त्यांना जवळून बघायचं तर भरती ओसरायच्या पहिल्या दोन-तीन तासांत तिथं हजर पाहिजे. उशीर झाला की समुद्र मागं, आणि पक्षी समुद्राबरोबर.

ग्रुपवर "भरती कधी आहे?" असा प्रश्न आला तेव्हा तिघांनी तीन ॲपांचे स्क्रीनशॉट टाकले. तिन्हींतल्या वेळा वेगळ्या निघाल्या, कारण एक कोचीचा होता आणि एक मागच्या महिन्यातला. शेवटी ग्रुपमधल्या काकूंनी स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं आणि लिहिलं, "षष्ठी आहे. सहा पाऊण साडेचार. पहाटे साडेचारला भरती." जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेल्या दिनदर्शिकेचा पक्षिनिरीक्षणाला असाही उपयोग आहे. तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, त्यामुळं तो थोड्याफार फरकानं जमतोच. काकूंना पाउणकी पाठ होती. बाकीच्यांनी सहाला पाऊणनं गुणायला फोनवर कॅल्क्युलेटर उघडला आणि दहा मिनिटांनी "काकू बरोबर आहेत" असा निर्वाळा दिला.

ठरलं असं, की पहाटे चारला दादरहून निघायचं आणि सातला अलिबागजवळच्या अक्षीच्या किनाऱ्यावर पाय ठेवायचा. 'चारला निघायचं' याचा अर्थ अर्ध्या मंडळींनी 'चारला उठायचं' असा घेतला. गाड्या हलल्या तेव्हा पाच वाजून गेले होते, आणि चेंबूर मागं पडल्यावर एका सदस्याला आठवलं की दुर्बीण घरीच राहिली. थर्मास होता, दोन प्रकारची बिस्किटं होती, कानटोपी होती, डासांचं मलम होतं, फोनची जादा बॅटरी होती. पक्षी बघायला निघताना माणूस फक्त पक्षी बघायचं साधन विसरतो. गाडी परत फिरली.

थंडीच्या तयारीबद्दलही बोललं पाहिजे. कोकणच्या किनाऱ्यावरचा हिवाळा हा मुख्यतः ऐकीव असतो. रायगडात तो थंडीनं नव्हे, पोपटीनं कळतो: मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरून शेतात जाळ पेटला की समजायचं, हिवाळा आला. पण मुंबईकराला वर्षातून एकदा स्वेटर घालायचा असतो आणि त्यासाठी हवामानाची संमती तो घेत नाही. मंडळी मफलर, जॅकेट, हातमोजे अशी निघाली होती. पनवेलपर्यंत ग्लोव्ह्ज उतरले, पेणला मफलर, आणि अक्षीला पोचेपर्यंत सगळ्यांच्या कमरेला स्वेटर बांधलेले होते.

मध्ये वडखळ आलं. वडखळ नाक्यावर 'फक्त चहा' घेतलेला माणूस अजून जन्माला यायचाय.

"अहो, ओहोटी लागलीये," काकू म्हणाल्या.

"दहा मिनिटं हो. पक्षी काय पळून जातायत?" ग्रुपमधले मोठ्या लेन्सचे मालक, म्हणजे लेन्सवाले, म्हणाले, आणि मिसळीची दुसरी प्लेट मागवली. पक्षी बघायला निघालेल्या माणसानं हा प्रश्न विचारावा, याचं त्यांना स्वतःला काही वाटलं नाही.

ग्रुपचे म्होरके काका बँकेतून निवृत्त झालेले. हिशेबात पक्के, माहितीत त्याहून पक्के. जादा रश्श्याची वाट बघताना त्यांनी गॉडविट नावाच्या पक्ष्याची कथा सांगितली. ऑक्टोबर २०२२ मध्ये अलास्काहून निघालेलं जेमतेम पाच महिन्यांचं एक पिल्लू ११ दिवस अखंड उडत टास्मानियाला पोचलं. साडेतेरा हजार किलोमीटर. पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र होतं म्हणून कळलं. वाटेत खाणं नाही, पिणं नाही, टेकणं नाही.

"बापरे, काहीच न खाता?" असं म्हणत सगळ्यांनी आणखी एकेक पाव घेतला. दादर सोडून त्यांना जेमतेम ऐंशी किलोमीटर झाले होते.

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं की चार-पाच किलोमीटरवर अक्षी. इथं शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा शिलालेख सापडला. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. इतक्या लांब आल्यावर तो बघावा असं नव्यानं ग्रुपमध्ये आलेल्या मुलीनं सुचवलं. पण आता घाई होती. वडखळला नव्हती, ती घाई.

सुरूच्या बनातून मंडळी किनाऱ्यावर आली तेव्हा दहा वाजले होते. समुद्र बराच लांब गेला होता आणि त्याच्या कडेला काही ठिपके होते. ते हलत होते, एवढ्यावरून ते पक्षी असावेत असं अनुमान निघत होतं. मग साहित्य बाहेर पडलं. लेन्सवाल्यांनी सहाशे मिलिमीटरची लेन्स काढली, तिला हिरव्या-तपकिरी पानांचं चित्र असलेला अंगरखा घातला आणि स्वतःही तसलाच शर्ट घातला. हा वेश दाट जंगलात लपण्यासाठी असतो. अक्षीच्या मोकळ्या वाळूवर, जिथं सुरूच्या झाडांनासुद्धा तसली पानं नसतात, तिथं तो रेवदंड्याहूनही दिसला असता. पक्ष्यांनी काय तो अर्थ काढला आणि आणखी पन्नास पावलं सरकले.

दुर्बिणी सगळ्यांकडे 'आठ बाय बेचाळीस'. म्हणजे वस्तू आठपट मोठी दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास बेचाळीस मिलिमीटर. प्रस्तुत लेखकाला त्यातून स्वतःच्या पापण्या आठपट दिसतात. ते काही असो, खरी मदार काकांच्या स्पॉटिंग स्कोपवर होती. तो तिपाईवर उभा राहिला आणि त्याच्यामागं पंढरपूरसारखी दर्शनाची रांग लागली: ज्यानं डोळा लावला त्याला हलवेना, मागच्यांचं "चला माऊली, पुढं सरका" सुरू, आणि ज्याचा नंबर येई त्याच्या वेळेला विटेवरचा देव उडून गेलेला.

"काका, इथं तर नुसती वाळू दिसतेय."

"आत्ता होता. तू यायच्या आधी अगदी समोर बसला होता."

पक्षिनिरीक्षणात सर्वांत जास्त संख्येनं आढळणारा पक्षी तो हाच: तुम्ही यायच्या आधी होता तो.

जंगलात पक्षी दाखवणं त्यातल्या त्यात सोपं. 'वाळक्या फांदीच्या वर, मधमाश्यांच्या पोळ्याच्या डावीकडं' असं काही सांगता येतं. किनाऱ्यावर खुणेला काही नसतंच. "त्या बगळ्याच्या उजवीकडं बघा." "कुठला बगळा?" "जो आत्ता उडाला तो." मग काकांनी घड्याळाची पद्धत काढली. समोर बारा, उजव्या हाताला तीन, डाव्या हाताला नऊ. पद्धत उत्तम आहे. फक्त सगळ्यांची तोंडं एका दिशेला पाहिजेत.

"तीन वाजता बघा, तीन वाजता! ऑयस्टरकॅचर!"

"तीनपर्यंत थांबणार आहे का तो?" मागून एकानं विचारलं. "आणि दीडला जेवण सांगितलंय ना?"

ऑयस्टरकॅचर सगळ्यांना दिसला. काळापांढरा, गाजरासारखी चोच, गुलाबी पाय. शाळकरी पोरानंही पुस्तकात एकदा बघून ओळखावा असा पक्षी. म्हणूनच त्याच्यावर कुणी पाच मिनिटांपेक्षा जास्त घालवली नाहीत. जो लगेच ओळखता येतो त्याला या मंडळींत फार मान नसतो. मान असतो तो चिखल्याला.

चिखले हे लहानसे, मातकट रंगाचे पक्षी. थोडं पळतात, थांबतात, चोच मारतात, पुन्हा पळतात. उन्हाळ्यात, विणीच्या दिवसांत, त्यांच्या छातीवर विटकरी रंग चढतो, चेहऱ्यावर काळा पट्टा येतो. पण तो सगळा थाट तिबेट-लडाखकडच्या पठारांवर. कोकणात येतात ते सगळे एकाच साच्यातले, धुऊन रंग गेलेले. त्यातून २०२३ साली तज्ज्ञांनी यातल्या 'लेसर सँड प्लोव्हर' नावाच्या एका जातीच्या दोन केल्या, एक तिबेटी आणि एक सैबेरियन. आधीच ओळखू न येणाऱ्या एका पक्ष्याचे दोन झाले. बघितलेल्या जातींची यादी ठेवणाऱ्या, म्हणजे यादीवाल्या, तरुणाला याचा केवढा आनंद! त्याच्या यादीत बसल्या जागी एक भर पडायची शक्यता होती.

"केंटिश आहे," काका म्हणाले.

"नाही काका, तिबेटी सँड प्लोव्हर."

"मानेमागं पांढरी पट्टी असली तर केंटिश. पुस्तकात आहे."

"पण मानेची मागची बाजू दिसायला त्यानं पाठ केली पाहिजे ना?"

मग सात माणसं, दोन तिपाया आणि काही लाखांची भिंगं एका चिमणीएवढ्या पक्ष्यानं पाठ फिरवावी म्हणून श्वास रोखून उभी राहिली. पक्षी त्यांच्याकडे तोंड करून उभा. उडवलेलं चालणार नव्हतं, त्याला त्रास होतो. खोकलेलंही चालणार नव्हतं. लेन्सवाल्यांनी मध्यंतरात आणखी एक प्रश्न टाकला, "ग्रेटर असेल तर?" ग्रेटर सँड प्लोव्हर ओळखायचा तर त्याच्या चोचीची लांबी ही चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतराशी ताडून बघायची असते. दीडशे मीटरवरून. डोळा मुगाएवढा. तरीही प्रत्येकानं ते ताडलं आणि प्रत्येकाचं निराळं आलं.

नव्या मुलीनं हळूच विचारलं, "माहीत नाही असं म्हटलं तर चालत नाही का?"

शांतता पसरली. बँकेत तीन दशकं काढलेल्या माणसासमोर कुणीतरी 'हिशेब जुळत नाही, राहू दे' म्हणावं, तसे काका तिच्याकडे बघत राहिले. तेवढ्यात एक भटकं कुत्रं धावत आलं आणि चिखल्यानं पाठ दाखवली खरी, पण उडता उडता. तिघांना पट्टी दिसली. चौघांना दिसली नाही. ज्यांचा जो पक्ष होता त्यांना त्याप्रमाणे दिसलं.

फोनमधल्या ॲपला आवाज ऐकवून बघावा म्हणून एकानं मोबाइल समुद्राकडे धरला. आवाजावरून पक्षी ओळखणारं हे ॲप खरंच हुशार आहे, पण लाटांची गाज, वारा आणि सात जणांची एकाच वेळची कुजबुज यातून त्यानं बराच विचार करून उत्तर दिलं: कावळा. तो लेन्सवाल्यांच्या पिशवीवर बसला होता आणि त्यातल्या बिस्किटांचं त्यानं जवळून निरीक्षण चालवलं होतं.

अकराच्या सुमाराला चारचाकी मोटारबाइका आल्या. पर्यटकांना वाळूवर घुमवणाऱ्या या गाड्या थेट पाण्याच्या कडेनं सुटल्या आणि सगळा थवा एकदम उठला. मंडळींच्या संतापाला पारावार राहिला नाही. "काय लोक आहेत! हे पक्षी हजारो किलोमीटर उडून येतात, परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवतात, आणि दर वेळी असं उडवलं की ती खर्च होते. कुणी सांगायचं यांना?" हे लेन्सवाले बोलत होते आणि बोलता बोलता त्यांचा कॅमेरा सेकंदाला वीस फोटो या गतीनं चालू होता. उडत्या थव्याचे इतके सुरेख फोटो त्यांना आयुष्यात मिळाले नव्हते. गाडी दुसऱ्यांदा आली तेव्हा त्यांनी तिला आणखी कडक शब्दांत सुनावलं, पण आधी उजेड कुठून येतोय ते बघून मग.

मोजणी राहिली होती. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. १९८७ पासून चाललेलं हे काम मुख्यतः अशा हौशी लोकांच्या डोळ्यांवर उभं आहे, आणि काकांनी ते मनावर घेतलं होतं. थवा मोठा असेल तर एकेक पक्षी मोजत नाहीत. दहा पक्षी मोजायचे, दहा म्हणजे केवढी जागा ते डोळ्यांत बसवायचं, मग ते माप पुढं पुढं टाकत जायचं. काका तीनशे चाळीसपर्यंत आले असताना वरून एक घार गेली आणि तीनशे चाळीस पक्षी उठून, एक चक्कर मारून, निराळ्याच क्रमानं बसले. काकांनी पुन्हा सुरुवात केली. दोनशे दहावर काकूंनी विचारलं, "थेपला देऊ का?"

शेवटी चर्चेनं आकडा काढायचं ठरलं.

"पाचशे तरी असतील."

"छे! तीनशेच्या वर एक नाही."

"बरं, साडेतीनशे लिहू?"

"चारशे लिहा हो, लांबून आलेत बिचारे."

पावणेचारशेवर तोड झाली. ही घासाघीस चालू असताना यादीवाला तरुण खाडीच्या तोंडाकडे तुतारी जवळून टिपायला गेला होता. तुतारी म्हणजे सँडपायपर. पाय न बुडवता चिखलावरून चालण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. तरुणाचं वजन जरा जास्त होतं. तो आधी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत गेला आणि तिथून त्यानं मित्रांना हाक मारली. मित्रांना वाटलं, काहीतरी दुर्मीळ दिसलं. सगळे दुर्बिणी घेऊन धावले आणि त्याच्या पलीकडं बघू लागले.

त्याला काढलं खुबे वेचायला आलेल्या एका मावशींनी. टोपली बाजूला ठेवली, "पाय ओढू नको, आडवा हो, गुडघा टेक," असं सांगितलं आणि दंडाला धरून ओढून काढला. एक सँडल मात्र खाडीनं ठेवून घेतली.

"काय बघताव एवढं?" मावशींनी विचारलं.

"पक्षी बघतो. चिखले. तुम्ही याला काय म्हणता?" काकांनी पुस्तकातलं चित्र पुढं केलं.

मावशींनी चित्र नीट बघितलं. "हे होय! हे काय, असतातच." आणि टोपलीवरचं फडकं काढून विचारलं, "चिंबोऱ्या घेताव का? जिवंत हायेत."

काकांनी घेतल्या. भाव करताना त्यांनी चिंबोरीच्या पोटाकडची बाजू उलटून बघितली, नर-मादी सांगितलं, भरलेली कुठली आणि पोकळ कुठली ते हातात धरून वजनावर सांगितलं. मावशींनाही त्यात खोट काढता आली नाही. जेवायच्या खानावळीत तर याहून नवल झालं. सकाळपासून ज्यांचं एका पक्ष्यावर एकमत होत नव्हतं, त्या सगळ्यांनी ताट टेबलावर येण्याआधी, नुसत्या तळणाच्या वासावर आणि तुकड्याच्या कडेवर, "ही सुरमई नाही, तोवर आहे" असं एका सुरात सांगितलं. खानावळवाला ओशाळला. त्यानं बदलून आणून दिली. स्कोप लागला नाही, पुस्तक उघडावं लागलं नाही, पाठ फिरवायची वाट बघावी लागली नाही.

परतीला मांडव्याहून रो-रो बोट पकडायची होती. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि गाडीसकट भाऊच्या धक्क्याला उतरता येतं, म्हणून जेवण लांबवायला मंडळींना एक नवं निमित्त मिळालं. वाटेत किहीम लागतं. इथं १९३०च्या सुमाराला सालिम अली राहत होते आणि सुगरणींच्या घरट्यांवर तासन्‌तास डोळा ठेवून बसत. नर अर्धवट घरटं बांधतो, मादी येऊन आतून-बाहेरून तपासते, पसंत पडलं तर नांदते. आणि ती आत अंडी घालून बसली की नर शेजारी दुसरं बांधकाम काढतो, हे त्यांनी तिथं बसून जगाला दाखवलं. किहीमला थांबायचं सकाळपासून ठरलेलं होतं. पण मंडळी जेवून तृप्त होती, आणि गाडी किहीमच्या फाट्यावरून गेली तेव्हा जागा फक्त ड्रायव्हर होता.

बोट सुटली आणि मागं कुरव पक्ष्यांचा थवा लागला. कुरव म्हणजे गल. दिवसभर ज्यांच्यासाठी डोळे फुटले ते पक्षी इथं कठड्यापासून हातभर अंतरावर, वाऱ्यावर तरंगत, थेट डोळ्यांत बघत होते, कारण एक कॉलेजातला मुलगा हवेत गाठिया उडवत होता. दुर्बिणीतून तर ते दिसेचनात, इतके जवळ.

"बाळ, पक्ष्यांना असलं खायला घालू नये," काका म्हणाले. "तेलकट, खारट. त्यांच्या तब्येतीला वाईट असतं." हे म्हणताना त्यांच्या हातात वेफर्सचं पाकीट होतं. ते त्यांच्या स्वतःच्या तब्येतीसाठी होतं.

मुलगा सालस होता. त्यानं गाठिया खिशात टाकला आणि विचारलं, "सॉरी काका. कुठला पक्षी आहे हा?"

एवढं विचारायचाच अवकाश. यादीवाला एका सँडलवर पुढं आला. "ब्राउन-हेडेड गल. तिबेट-लडाखच्या सरोवरांवर वीण करतो."

"काही ब्लॅक-हेडेडही आहेत यात," काका म्हणाले.

"पण याचं डोकं तर पांढरं आहे," मुलगा म्हणाला.

"हिवाळ्यात दोघांचंही पांढरंच असतं. कानामागं तेवढा काळा ठिपका."

"तो पण दोघांनाही?"

"दोघांनाही. पण डोळा बघ. फिकट बुबुळ असेल तर ब्राउन. पंखाचं टोक काळं आणि त्यात पांढरे ठिपके असतील तरी ब्राउन."

"पहिल्या वर्षाच्या पिल्लाला ते नसतात," लेन्सवाले म्हणाले. "आणि तो मागचा मोठा दिसतोय तो निराळाच. ह्यूग्लिन. त्याला तर मोठ्यांचा पिसारा यायला चार वर्षं लागतात, दर वर्षी रूप बदलतो."

"ह्यूग्लिन आता वेगळी जात धरत नाहीत, उपजात धरतात."

"कोण धरत नाही?"

"यादीत नाही."

"तुझ्या यादीत नसेल!"

इकडे मुंबईच्या इमारती दिसू लागल्या. वाद आता पायांच्या रंगावर आला होता. मुलानं मध्येच फोन काढून एक फिरता व्हिडिओ घेतला, काहीतरी लिहिलं आणि काकूंना दाखवत अदबीनं विचारलं, "म्हणजे सीगलच ना?"

"हो रे बाबा, सीगलच," काकू म्हणाल्या, आणि त्याच्या खिशातला एक गाठिया मागून घेऊन स्वतः खाल्ला.

यादीवाल्यानं रात्री घरी जाऊन नोंद केली. ब्राउन-हेडेड साठ, ब्लॅक-हेडेड पंचवीस, ह्यूग्लिनवर प्रश्नचिन्ह. चिखल्यांच्या रकान्यात 'तिबेटी' लिहिलं, खोडलं, 'केंटिश' लिहिलं, खोडलं. मग ॲपमध्ये अगदी खाली, कुणाला सहज दिसणार नाही अशा जागी असलेला 'चिखल्या, जात अनिश्चित' हा पर्याय निवडून त्यापुढं पावणेचारशे टाकले. सकाळी ग्रुपवर काकांचा मेसेज होता: "यादी बघितली. चारशे ठरले होते."